ऊसतोडीला निघताना लेकरांचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा जवळ आला की आमच्या शाळेच्या ओट्यावर आईबाप येऊन बसायला लागतात. कुणी दाखल्याचं विचारतं, कुणी वसतिगृहाचं. पुष्कळजण तर काहीच न विचारता नुसते बसून राहतात. मी धारूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. माझे आईवडीलही कोयत्यावर, म्हणजे ऊस तोडायला, जायचे. मी आणि धाकटी बहीण आज्जीजवळ राहायचो. म्हणून खालच्या उत्तरांतलं काही शासनाच्या कागदांतून आलंय आणि काही आमच्या घरातून. प्रश्न जसे लोक विचारतात तसेच ठेवलेत.

सर, लेकराला संगं न्यावं का गावात ठेवावं?

लेकरू शाळेत जाणारं असेल आणि गावात त्याला दोन वेळचं ताट वाढणारं, रात्री दाराला कडी लावणारं भरवशाचं माणूस असेल, तर ठेवा.

संगं नेलं की काय होतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, तरी लिहितो. टोळी पहाटे अंधारात फडात, म्हणजे तोडीच्या उसात, उतरते. गाडी कधी भरायची ते कारखान्याच्या चिठ्ठीवर. कधी रात्री दोनला उठून भरणी करावी लागते. तेवढा वेळ लेकरू कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, एकटं, नाहीतर बांधावर गोधडीत. अहिल्यानगर, जुन्नर, शिरूर या पट्ट्यात उसात बिबट्या असतो. ट्रॉली मागं घेताना चाकाजवळ लेकरू आहे हे ड्रायव्हरला दिसत नाही. शेततळी आणि विहिरी उघड्या असतात. आणि आठ-दहा वर्षांचं झालं की पोरगं आपोआप उसाच्या शेंड्यांचे वाढे बांधू लागतं, पाणी आणू लागतं. कुणी सांगत नाही, तरी ते कामाला लागतं. पुढं दोन हंगाम गेले की ते आमच्या हजेरीपटावर नुसतं नावापुरतं उरतं. चौदा वर्षांखालच्या लेकराला मजुरीला लावायला कायद्यानं बंदी आहे, पण फडात तो कायदा बघायला कोण येतं?

अंगावर पिणारं लेकरू मात्र आईपासून तोडू नका. त्याला संगंच न्या. लसीकरणाचं कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत ठेवा. थळावर, म्हणजे तोडीच्या मुक्कामी, पोचलात की जवळच्या अंगणवाडीत आणि आरोग्य उपकेंद्रात जाऊन नाव सांगा. लस आणि पोषण आहार तिथंही मिळायला पाहिजे. गाव तुमचं नाही म्हणून परत पाठवता येत नाही.

तीन ते पाच वर्षांच्या लेकरांचं उत्तर माझ्याकडं सरळ नाही. त्याला शाळा नसते आणि आई कुठं गेली ते कळत नाही. आज्जी धडधाकट असेल तर ठेवा, नसेल तर न्या. आणि नेलंत तर त्याच्यामागं मोठ्या बहिणीची शाळा बंद करू नका. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

लोक म्हणतात, पैशासाठी लेकरं टाकून जातात. आम्ही काय उत्तर द्यावं?

उत्तर द्यायची गरज नाही, पण हिशोब सगळ्यांना माहीत असावा म्हणून मांडतो.

बालाघाटाच्या डोंगरावरची आपली जमीन मुरमाड. जायकवाडीचं, माजलगावच्या धरणाचं पाणी खाली सखल भागात फिरतं, वर चढत नाही. पाऊस सह्याद्रीच्या पलीकडंच बहुतेक सांडून येतो. सोयाबीन, कापूस, थोडी बाजरी, तेही वर्षातून एकच पीक. दिवाळीनंतर रानात काम उरत नाही. अशात आषाढ-श्रावणात घरात आजारपण, लग्न किंवा बी-बियाण्याचं देणं निघतं आणि मुकादम, म्हणजे टोळी नेणारा ठेकेदार, उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो. उचल नवराबायको दोघांच्या नावावर असते, कारण मोजणीच जोडप्याची आहे. दोघं मिळून एक कोयता. एकटा माणूस गेला तर अर्धा कोयता. म्हणून बापानं जायचं आणि आईनं लेकरांजवळ राहायचं, ही वाट आपल्या लोकांना फारशी उघडी नाही. पुण्या-मुंबईच्या मजुरीत निदान एकजण मागं राहू शकतो. ऊसतोड घरातली आई आणि बाप एकाच दिवशी उचलून नेते.

जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनामागं ३६६ रुपयांच्या आसपास गेला. एक जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. दोघांच्या पहाट ते संध्याकाळच्या कामाचे हे पैसे, त्यातून उचल फिटायची, खाडा पडला की तो कापला जायचा. यात कुणी लेकरू टाकून जात नाही. लेकराची फी, वही, दवाखाना यातूनच निघतो. माझी डी.एड.ची फी माझ्या आईनं मोळ्या डोक्यावर वाहून भरली आहे.

घरात फक्त म्हातारी आहे. तिच्याच्यानं होईल का?

आधी आज्जीला विचारा. आपण तिला विचारतच नाही, नुसतं सांगतो, "आई, पोरं हाईत बरं का." सत्तरीतल्या बाईला पाणी भरणं, चूल, शेळ्या आणि वर तीन लेकरं हे सहा महिने ओढायचं असतं. ती नाही म्हणत नाही, पण तिला झेपतं असंही नाही.

तिच्यावरचं ओझं कमी करायला काही गोष्टी हमखास उपयोगी पडतात. शेळ्या-जनावरं त्या हंगामापुरती दुसऱ्या कुणाकडं सोपवा. किराणा दुकानदाराला सांगून ठेवा की महिन्याला इतक्यापर्यंत सामान द्या, पैसे फोनवर टाकतो. आज्जीच्या हातात रोख ठेवली की मागणारे येतात. तिच्या बीपी-शुगरच्या गोळ्या दोन महिन्यांच्या आणून ठेवा. शेजारचं एक तरुण घर नक्की करून ठेवा, रात्री-अपरात्री हाक मारायला. आणि आमच्या शाळेत त्या घराचा नंबर लिहून द्या. मागच्या काही वर्षांत मी पाहिलंय, लेकरू तापानं फणफणलेलं असतं आणि आज्जीला फोन लावता येत नाही.

रेशनचं कसं? आम्ही तिकडं, लेकरं इकडं.

एक देश एक रेशनकार्ड योजनेत तुमचं कार्ड थळावरच्या रेशन दुकानातही चालतं. सगळं धान्य एकाच ठिकाणी उचलावं लागत नाही. थोडं तुम्ही तिकडं घ्या, उरलेलं घरी आज्जीनं घ्यावं. मात्र आज्जीचं नाव त्याच कार्डावर आणि तिचं आधार जोडलेलं असलं पाहिजे, अंगठा तिचाच लागतो. हे काम गणपतीच्या आधी करून घ्या. दसऱ्याला तहसीलमध्ये पाय ठेवायला जागा नसते.

हंगामी वसतिगृह म्हणजे काय? तिथं लेकरू झोपायला पण असतं का?

आईबाप हंगामात स्थलांतर करतात त्या लेकरांना गावातच ठेवून शाळा चालू राहावी म्हणून ही सोय आहे. साधारण सहा महिने चालते. गावातली शाळा व्यवस्थापन समिती ती चालवते. दुपारचं जेवण शाळेच्या पोषण आहारातून मिळतंच. वसतिगृहातून सकाळ-संध्याकाळचं जेवण मिळतं. काही गावांत लेकरं शाळेच्या खोलीतच झोपतात, पण पुष्कळ ठिकाणी जेवून आज्जीकडं झोपायला जातात. म्हणून तुमच्या गावात नक्की काय आहे ते मुख्याध्यापकांना समोरासमोर विचारा.

स्पष्टच लिहितो. जेवण वेळेवर सुरू झालं तर ही योजना लेकराला तारते. पण अनेकदा टोळ्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघून जातात आणि मंजुरी, निधी मागून येतो. मधले दिवस कुणाचे? एका गावात मी हे महिनाभर चाललेलं पाहिलंय. लेकरं पोषण आहाराची खिचडी डब्यात भरून रात्रीसाठी घरी न्यायची. म्हणून स्थलांतर करणाऱ्या घरांची यादी शाळेनं ऑगस्टमध्येच करायला पाहिजे, आणि त्या यादीत तुमच्या लेकराचं नाव आहे का ते तुम्ही स्वतः बघा. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्याहून जास्त, पाऊण हिस्सा सदस्य पालकच असतात. जे पालक गावातच थांबणार आहेत, त्यांनी रोज संध्याकाळी एकदा ताटात काय पडलंय ते जाऊन बघावं.

याशिवाय संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आहे, खास ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी. २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत मुलांचं एक आणि मुलींचं एक अशी ८२ वसतिगृहं ठरली, त्यात बीड जिल्ह्यातले तालुके आहेत. काही भाड्याच्या इमारतींत चालतात. तिथं ऊसतोड कामगार असल्याचा कागद लागतो, तेव्हा ग्रामसेवकाकडून नोंदणी आणि ओळखपत्र करून घ्या. मुलींसाठी काही तालुक्यांत कस्तुरबा गांधी बालिका विद्यालयही आहे. तिथं राहणं, जेवण, शिक्षण सगळं एकाच ठिकाणी. आश्रमशाळाही आहेत. पण कुठंही घालण्याआधी एकदा तिथं जाऊन संडास-बाथरूम बघा, रात्री मुलींजवळ बाई माणूस राहतं का ते विचारा, आणि तिथल्या दोन लेकरांशी बोला. कागदापेक्षा ती लेकरं खरं सांगतात.

संगं न्यायचंच ठरलं तर शाळेचं काय? दाखला मिळत नाही म्हणतात.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या लेकराला वर्षाच्या मध्येही, जिथं असेल तिथल्या शाळेत बसण्याचा हक्क आहे. दाखला मागितला की मुख्याध्यापकानं तो लगेच द्यायचा असतो, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही अडवता येत नाही. आमच्याकडून निघताना शिक्षण हमी पत्रक मागून घ्या. लेकरू कितवीत आहे, त्याला काय येतं ते त्यावर लिहिलेलं असतं. तिकडच्या गुरुजींना ते दाखवलं की लेकरू मागच्या बाकावर नुसतं बसवून ठेवलं जात नाही.

पूर्वी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा असायच्या. आता जवळच्या जिल्हा परिषद शाळेत बसवायचं धोरण आहे. अडचण अशी की फड बदलला की शाळा लांब पडते, आणि कर्नाटकात बेळगाव-बागलकोटकडं गेलं तर शाळा कन्नड असते. आमच्या शाळेतली एक मुलगी दोन हंगाम तिकडं होती. ती परत आली तेव्हा तिला कन्नड गाणी येत होती आणि मराठी बाराखडी विसरली होती.

धाकटं सांभाळायला मोठीला नेतो. तिची एका वर्षाची शाळा बुडली तर एवढं काय?

एक वर्ष कधीच एक राहत नाही. यंदा सहावीत ऑक्टोबर ते एप्रिल बुडाले की पुढच्या जूनला ती वर्गात मागं पडते, लाजते, आणि दिवाळीत स्वतःहूनच म्हणते, "मी येते फडावर." तुम्हाला वाटतं पोरीलाच शाळा नको. माझ्या वर्गातून अशा किती गेल्या त्यांची नावं मला तोंडपाठ आहेत. टोळीत चार-पाच लहान लेकरं असतील तर एखाद्या वयस्क बाईला तेवढ्यासाठी नेऊन सगळ्यांनी मिळून तिला पैसे द्यावेत. काही टोळ्या हे करतात. मुकादमाशी हे उचल घेतानाच बोलून ठेवा, नंतर तो ऐकत नाही.

मुलगी मोठी झालीय. एकटी ठेवायची भीती वाटते. त्यापेक्षा हात पिवळे केलेले बरे नाहीत का?

ही भीती खोटी नाही. आज्जीला रात्री दिसत नाही, गावात सगळे सारखे नसतात. फडावर नेलं तर तिथंही आंघोळीला आडोसा नसतो. आईबापांनी कुणीकडंही बघितलं तरी काळजीच.

पण पंधराव्या वर्षी लग्न लावलं म्हणजे काळजी मिटली, असं होत नाही. ती फक्त दुसऱ्या घरी जाते. लग्न झालं की नवं जोडपं म्हणजे नवा कोयता, नवी उचल. त्याच हंगामात ती पोर कोयता हातात घेऊन फडात उभी असते, आणि पुढच्या हंगामात पोट घेऊन. मुलीचं वय अठरा आणि मुलाचं एकवीस पूर्ण नसताना लग्न लावणं हा २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे. त्यात मांडव घालणारे, भटजी, जमलेले नातेवाईक सगळे येतात. गावात बालविवाह रोखण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे. १०९८ हा लेकरांच्या मदतीचा नंबर आहे, तो फुकट लागतो आणि मुलगी स्वतःही लावू शकते. आम्ही तो सातवीच्या पुढच्या सगळ्या मुलींच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून घेतो.

मुलीला ठेवायचं तर वसतिगृहातच ठेवा, किंवा दोन-तीन घरच्या मुलींनी एकाच घरी, एका जाणत्या बाईजवळ झोपावं. आणि तिला एवढं तोंडानं सांगून जा: कुणी अंगचटीला आलं, कितीही जवळचा असला तरी, मला सांग, मी तुलाच रागावणार नाही. हे वाक्य न ऐकलेल्या मुली गप्प बसतात.

लेकरू लई रडतं. झोपेत असतानाच निघून गेलं तर चालेल का?

नाही. सगळ्या प्रश्नांत हा एक असा आहे ज्याचं उत्तर मला विचार न करता देता येतं.

मी तेव्हा दुसरीत होतो. दिवाळीची सुटी संपत आली होती. रात्री आईनं माझ्या केसांना तेल लावलं, नखं कापली. मला कळायला पाहिजे होतं. सकाळी उठलो तर अंगणात ट्रॅक्टरच्या चाकांची नक्षी होती आणि आज्जी त्यावर सडा टाकत होती. आई कुठं म्हणून विचारलं तर म्हणाली, बाजाराला गेली, येईल सांजच्याला. मी सांजेला फाट्यावर जाऊन उभा राहिलो. दुसऱ्या दिवशीही गेलो. फाट्यावरून रोज ट्रॅक्टर जात, भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं भरलेले, आणि सगळे एकाच दिशेनं. परत कुणी येत नव्हतं. आठ-दहा दिवसांनी शाळेतल्या एका पोरानं सांगितलं, "तुझी आई उन्हाळ्यात येणार, येड्या." त्यानंतर कितीतरी वर्षं आईनं केसांना तेल लावलं की मला झोप यायची नाही.

आईला नंतर एकदा विचारलं. ती म्हणाली, "तू रडला असतास तर माझा पाय उचलला नसता." तिचंही खरं होतं. तरी सांगतो, लेकराला रडू द्या. ते तुमच्या समोर रडलं तर त्याला कळतं की आई गेली ती सांगून गेली. लपून गेलं की ते रोज रात्री जागं राहतं, आता आज्जीही जाईल का म्हणून. निदान आठ दिवस आधी सांगा. कुठं जाणार, कुणासोबत, तिकडं काय काम, सगळं सांगा. त्याला कोयत्याला धार लावताना, भांडी बांधताना सोबत घ्या. तुमची एखादी वापरातली वस्तू, जुनी साडी, बापाचा शर्ट, त्याच्या गोधडीत राहू द्या. आणि ट्रॅक्टर निघताना त्याला जागं करा, पहाटेचे तीन असले तरी.

परत कधी येणार म्हणून विचारतं. काय सांगावं?

तारीख देऊ नका. पट्टा कधी पडेल, म्हणजे कारखान्याचा हंगाम कधी संपेल, ते तुमच्या हातात नाही. २०२१-२२ च्या हंगामात ऊस इतका होता की काही कारखाने जूनपर्यंत चालले. "अक्षय तृतीयेला येते" सांगून गेलेल्या आया शाळा उघडायच्या तोंडाला आल्या. २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा लाखाहून जास्त मजूर कारखान्यांच्या परिसरात अडकले होते. एप्रिलच्या मध्याला शासनानं परत यायची परवानगी दिली, तर गावात घ्यायला लोक तयार नव्हते. आमच्या गावचे काही आईबाप रानात राहिले, आणि लेकरं बांधाच्या अलीकडं उभी राहून त्यांना बघायची.

त्यापेक्षा असं सांगा: कारखान्याचा पट्टा पडला की दुसऱ्या दिवशी निघते, आणि पट्टा पडल्याचं तुला फोनवर सर्वांत आधी सांगते. मग तसं खरंच करा.

फोनवर काय बोलावं? ते दोन मिनिटांत फोन आज्जीला देतं.

फोनची वेळ ठरवा. रोज जमत नसेल तर आठवड्यातून दोन वार धरा, पण ते चुकवू नका. "अभ्यास केला का, आज्जीला त्रास देतो का" एवढंच विचारलं तर लेकरू काय बोलणार? त्याला तुमचं सांगा. आज फडात ससा निघाला, कोपीत पाणी शिरलं, शेजारच्या टोळीतलं कुत्रं आपल्याकडंच झोपतं. व्हिडिओ कॉलवर कोपी दाखवा, चूल दाखवा. आपली आई कसल्या जागेत राहते ते बघितलं की त्याच्या डोक्यातलं भलतंसलतं कमी होतं. पैसे किती मिळाले, मुकादमाशी भांडण झालं, हे लेकरासमोर बोलू नका. आमच्या चौथीतल्या पोरांना उचलीचे आकडे पाठ असतात.

आम्ही ऊसतोड सोडून पुण्याला कंपनीत लागतोय. पोरं दहावीपर्यंत गावात ठेवावीत म्हणतो.

चाकण-रांजणगावला पक्की खोली आणि बारा महिन्यांचं काम असेल तर लेकरं सोबत न्या. ऊसतोडीत ती ठेवावी लागतात कारण तिथं घर नसतं. खोली लहान आहे हे कारण मला पटत नाही.

आमचं उलटं आहे. पोरगं शिकायला लातूरला, नंतर पुण्याला गेलं. आता आम्हीच मागं राहिलो.

हा प्रश्न गेल्या काही वर्षांत वाढलाय. मराठवाड्यातला कुठला बाप लातूरच्या क्लासची फी भरत नाही? पुढं पोरं स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला जातात, वर्षामागून वर्षं काढतात, आणि पद निघालं नाही की लाजेनं घरी यायचं टाळतात. अशा पोराला फोनवर निकालाचं विचारू नका. "सणाला ये, पुरणपोळी केलीय" एवढंच म्हणा. पुष्कळ पोरं त्या एका वाक्याची वाट बघत असतात.

सहा महिन्यांनी आलो तर धाकटी जवळच येईना. आज्जीलाच आई म्हणते. काय चुकलं?

काही चुकलं नाही. तिला तुम्हाला विसरावं लागलं, तेव्हाच तिचे दिवस निघाले.

माझ्या बहिणीचं हेच झालं. आई आली तेव्हा ती दोन वर्षांची होती. आईनं हात पुढं केले तर ती आज्जीच्या पदरात शिरली. शेजारणी हसल्या, "बघ गं, आईला वळखंना." आईनं तिला ओढून घेतलं नाही. रडलीही नाही, निदान आमच्यासमोर नाही. आज्जीला म्हणाली, तुम्हीच न्हाऊ घाला, मी पाणी तापवते. मग रोज आई पाणी तापवायची, आज्जी न्हाऊ घालायची आणि आई दंड-पाय पुसायला पंचा घेऊन बाजूला बसायची. आज्जीनं हळूहळू तांब्या आईच्या हातात द्यायला सुरुवात केली. वैशाखातल्या एका दुपारी आज्जी शेजारी गेली होती. बहीण झोपेतून उठली, इकडंतिकडं बघितलं आणि दारातल्या आईजवळ जाऊन तिच्या पाठीला टेकून बसली. आई ज्वारी निवडत होती. तिनं हात थांबवले नाहीत.